लॅपटॉप स्टेजवर आला म्हणजे रियाज सुटला का?

मागच्या अंकात मी माझ्या कामाबद्दल थोडंसं लिहिलं होतं, म्हणजे काही दिवस तबला आणि ड्रम्स वाजवते, काही दिवस सोल्डरिंगचा धूर खाते आणि उरलेले दिवस संगीत-तंत्रज्ञानाच्या लॅबमधे बसून ठोक्यांच्या ऑडिओ फायली ऐकत असते. त्यावर एवढे प्रश्न आले की संपादक म्हणाले ह्या वेळचं सगळं सदर ह्यावरच घ्या. घेतलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि ज्यांनी फक्त "कुठला पॅड घेऊ" एवढंच विचारलंय त्या सगळ्यांना एकच उत्तर, आधी कुणाचा तरी मागून आणून आठवडाभर वाजवून बघा.

प्रश्न : ताई, मी १९ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लहानपणापासून तबला शिकतोय, कोडिंगही मनापासून आवडतं. तुमच्यासारखं वाजवणं, इलेक्ट्रॉनिक्स आणि संशोधन असं तिन्ही करावंसं वाटतं पण भीती वाटते की ना धड वादक होईन ना धड इंजिनिअर. तुम्ही कसं सांभाळता?

उत्तर : अरे, सांभाळत बिंभाळत काही नाही मी. तिन्ही गोष्टी रोज समान वाटून करायच्या असं डोक्यात असेल तर ते आधी काढून टाक, तसं कुणाचंच होत नाही. माझे सलग दोन दोन महिने असे जातात की नुसतं वाजवणं, प्रवास, साउंडचेक, परत प्रवास, आणि लॅबमधली माणसं ईमेल करून करून थकतात. मग संशोधनाचा पेपर द्यायची तारीख जवळ आली की दिवसाला जेमतेम तासभर हात तबल्यावर जातो, पण तो तास मी कशासाठीही सोडत नाही, अंगात कणकण असली तरी. एवढं एकच कडक आहे माझं. कारण कोड सहा महिने उघडला नाही तरी शिव्या घालत का होईना परत वाचून आठवतो, हात मात्र तीन आठवड्यांत जड होतो आणि तो परत आणायला तीन महिने जातात.

अर्धवट राहण्याच्या भीतीबद्दल सांगते. माझा संशोधनाचा पहिला विषय मला स्टेजवर मिळाला, तोही फजिती होऊन. फ्लोअर टॉमच्या (ड्रमसेटमधला जमिनीवर उभा असतो तो मोठा ड्रम) चामड्याला मी एक पिएझो चिकटवला होता, पितळी चकती असते ना नाण्याएवढी, दाब बसला की तिच्यातून व्होल्टेज निघतं, ती. टॉमवर काठी पडली की घंटेचा सॅम्पल (आधी रेकॉर्ड करून ठेवलेला तुकडा) वाजायचा अशी योजना. घरी झकास चाललं. शोच्या दिवशी बेस गिटारवाल्याचा ॲम्प नेमका माझ्या शेजारी आला, त्याने खालचा सूर धरला की माझ्या टॉमचं चामडं थरथरायचं आणि घंटा आपोआप, मी हातही लावलेला नसताना. लोकांना वाटलं मुद्दाम आहे. थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोराला ठोका मानायचं ती मर्यादा, वाढवला तर माझे हलके ठोके गायब, खाली आणला तर पुन्हा भुताटकी. मग घरी येऊन दोन्हीचं रेकॉर्डिंग स्क्रीनवर शेजारी शेजारी ठेवलं तर दिसलं की खरा ठोका एकदम भिंतीसारखा उभा चढतो आणि मग ओसरतो, थरथर मात्र हळूहळू फुगत येते. वाजवणाऱ्याला हे न सांगता कळतं, मशीनला ते सांगायचं कसं ह्यावर माझं दीड वर्ष गेलं, आणि ते दीड वर्ष वाजवण्यातून गेलं असं मला एकदाही वाटलं नाही.

तुझ्यासारखाच एक रस्ता सांगते. अजय कपूर नावाचे संगीतकार-संशोधक आहेत, त्यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात सहकाऱ्यांबरोबर इलेक्ट्रॉनिक तबला बनवला आणि २००२ साली त्यावर पेपर मांडला. त्यात वाजवायच्या जागेवर दाब ओळखणारे सेन्सर होते, ठोका कुठे पडला आणि किती जोरात पडला ते कळावं म्हणून. आता बघ, सेन्सर कुठे बसवायचा हे ठरवायला बोट कुठे पडतं ते माहीत हवं, चाटेवर (कडेच्या पट्टीवर) की शाईवर (मधल्या काळ्या गोलावर), आणि ते नुसत्या इंजिनिअरला कोण सांगणार? तिथे तुझा तबला कामाला येतो. ज्याला तू दोन अर्धवट म्हणतोयस ना, ती जोडी फार कमी लोकांकडे असते.

पैशाचं पण बोलू, कारण तू विचारलं नाहीस तरी घरचे विचारतीलच. माझं चार ठिकाणांहून येतं, वाजवणं, शिकवणं, दुसऱ्या कलाकारांच्या शोसाठी सॅम्पल आणि ट्रिगरचं (ठोका पडला की आवाज सुरू करणारी सोय) सेटिंग करून देणं, आणि संशोधनाची फेलोशिप जेव्हा मिळते तेव्हा. चारही एकाच महिन्यात चांगले चाललेत असं आजवर फारसं झालेलं नाही, चारही एकदम बंद पडलेत असं पण नाही. डिग्री मात्र पुरी कर. सिग्नल प्रोसेसिंगचा विषय असेल तर तो पास होण्यापुरता करू नकोस, फूरिये ट्रान्सफॉर्म (आवाज त्यातल्या सुरांमधे फोडून दाखवणारं गणित) शिकवतील तेव्हा वहीवर तुझ्या तबल्याच्या 'ना'चं रेकॉर्डिंग डोळ्यासमोर ठेव, एकदम जीव येतो त्या गणितात.

प्रश्न : मी ड्रमर आहे. पॅड लॅपटॉपला जोडून वाजवतो. मारल्यावर आवाज किंचित उशिरा येतो असं मला वाटतं, बँडमधले म्हणतात तुझे भास आहेत. खरं काय? — एक त्रस्त

उत्तर : भास नाहीत, त्रस्तराव. बँडमधल्यांना ऐकू येत नसेल कारण ते ऐकतायत, तुम्ही मारताय. मारणाऱ्याच्या हाताला आधी कळतं.

हिशोब करून दाखवते. ऑडिओ सेटिंगमधे बफर नावाचा आकडा असतो, आवाजाची किती मोजमापं एकदम पुढे पाठवायची त्याचा, तो २५६ असेल आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतलेली मोजमापं, ४४,१०० असेल तर एका बफरला साधारण ५.८ मिलिसेकंद लागतात, ६४ केला तर दीडच्या आत. पण हा एकच थांबा झाला. माइक किंवा पिएझोचा आवाज थेट कार्डात घेत असाल तर आत येताना एक बफर, बाहेर जाताना एक, वर कार्डाचं स्वतःचं थोडं. ड्रम मॉड्यूल (पॅडचा ठोका ओळखणारा डबा) वापरत असाल तर ते मॉड्यूल ठोका आल्या आल्या लगेच निरोप पाठवत नाही, एक-दोन मिलिसेकंद थांबून सिग्नलचं शिखर किती उंच गेलं ते बघतं, नाहीतर ठोका हलका की जोराचा हे त्याला कळणार कसं. पाच पिनांची मिडी (वाद्यांनी एकमेकांना निरोप द्यायची भाषा) केबल असेल तर एक ठोका कळवायला आणखी जवळपास १ मिलिसेकंद. असं थेंबे थेंबे साचत जातं आणि एकूण १५-२० मिलिसेकंद कधी झाले कळत नाही.

आता तुलनेला हे घ्या. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मीटरला ३ मिलिसेकंद धरा. २० मिलिसेकंद उशीर म्हणजे तुमचा स्नेअर तुमच्यापासून जवळजवळ ७ मीटर लांब ठेवून लांब काठीने वाजवल्यासारखं. जमेल का? जमेल, पण मजा जाईल.

बर्कलीच्या डेव्हिड वेसेल आणि मॅथ्यू राइट ह्यांनी ह्या शतकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की हाताने वाजवायच्या कॉम्प्युटर वाद्यात उशीर १० मिलिसेकंदांच्या आत हवा आणि त्यातला चढउतार १ मिलिसेकंदाच्या आत. लोक पहिला आकडा धरून बसतात, मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. उशीर कायम ८ असेल तर हात त्याला सरावतो, तो कधी ४ कधी १२ होत असेल तर तुम्ही कितीही लयदार असा, ठेका लंगडणारच आणि दोष तुमच्या माथी येणार.

करून काय बघायचं? बफर ६४ किंवा १२८ वर आणा, वायफाय बंद करा, स्टेजवर लॅपटॉप चार्जरला लावूनच वापरा (बॅटरीवर काही मशीनं स्वतःला हळू करतात, मला हे फार उशिरा कळलं), आणि ब्लूटूथ हेडफोन असतील तर ते गाणी ऐकायला ठेवा, वाजवायला नको. आणि एक युक्ती आहे, जरा फसवणुकीचीच. रबरी पॅड सोडून खऱ्या ड्रमवर सेन्सर लावला की ठोक्याचा पहिला 'टक्' तुम्हाला हवेतूनच मिळतो, इलेक्ट्रॉनिक आवाज मागून त्याला शेपटीसारखा जोडायचा, सुरुवात मऊ असलेला सॅम्पल निवडायचा. कान पहिल्या टक् ला धरून बसतो, मागचा उशीर माफ करतो. माझ्या अर्ध्या सेटमधे मी हेच करते.

प्रश्न : मी गेली ४० वर्षं तबला शिकवतो. यंत्रांच्या नादी लागून मुलांचे हात बिघडताना पाहतोय. रबराच्या पॅडवर बोटं आपटून नाद कळत नाही. आपण स्वतः तबला शिकलेल्या असून ह्या गोष्टीचा पुरस्कार करता ह्याचं वाईट वाटलं.

उत्तर : गुरुजी, नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि आधी कबूल करते की हाताबद्दल तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे. माझाच झालाय. सलग तीन महिने एका प्रोजेक्टसाठी रबरी पॅडवर वाजवलं, रबर काठीला किंवा बोटाला आपणहून वर फेकतो, तेवढी उसळी चामड्याला नसते, मग तबल्यावर परत बसले तर तर्जनी नुसती आपटत होती आणि 'ना' ला आस (मागे रेंगाळणारी गुंज) राहत नव्हती. ते नीट व्हायला बरेच दिवस गेले. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी पॅडवर रियाज करू देत नाही. पॅडवर रचना बांधा, रियाज चामड्यावर.

आणि तुमच्या मुद्द्यात मी अजून एक भर घालते, जी तुमच्या बाजूची आहे. मिडी ही जी वाद्यांची आपसातली भाषा आहे ती १९८३ साली आली आणि ती मुळात कीबोर्डाच्या हिशोबाने बेतलेली. पट्टी दाबली, केवढ्या जोरात दाबली, सोडली, संपलं. जोराला आकडे ० ते १२७, त्यातला ० म्हणजे सोडली असा धरतात, म्हणजे अख्ख्या जगातल्या ठोक्यांना १२७ पायऱ्या. आता डग्गा घ्या. 'घे' वाजला त्या क्षणी अर्धीच गोष्ट झालेली असते, खरी गंमत त्यानंतर, मनगटाची टाच चामड्यावर पुढे सरकते आणि सूर वर चढत जातो. ह्या भाषेत ठोका पडला की निरोप गेला, मनगट त्यानंतर काय करतंय हे सांगायला वेगळी सोय करावी लागते आणि बहुतेक पॅडना ती नसते. म्हणजे यंत्र डग्ग्याला बहिरं आहे हे खरंच आहे. पण गुरुजी, नेमकं हेच दुखणं धरून किती जण काम करतायत, सतत दाब मोजणारे सेन्सर, चामड्याचाच आवाज माइकने घेऊन तोच फिरवणं वगैरे, आणि हे दुखणं त्यांना दाखवून द्यायला डग्गा वाजवणारं माणूस लागतंच.

नादाचं म्हणाल तर ह्या वाद्यावरचं संशोधन काही आजचं नाही. सी. व्ही. रामन ह्यांनी १९२० साली शिवकाली कुमार ह्यांच्याबरोबर 'नेचर' मधे ह्यावर लिहिलं आणि १९३४ साली पुन्हा सविस्तर. साध्या ताणलेल्या गोल चामड्याचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत, मूळ स्वर १ धरला तर पुढचे १.५९, २.१४, २.३० असे वेडेवाकडे येतात, म्हणून साध्या ढोलाला ठाम असा सूर नसतो. मधे शाईचा थर दिला की हेच स्वर सरकून जवळजवळ पूर्ण पटीत येतात, पहिले पाच मेळाचे स्वर मिळतात आणि तबला गायला लागतो. रामन ह्यांनी पुडीवर, म्हणजे तबल्याच्या चामड्यावर, बारीक वाळू पसरून तिच्या आकृत्या पाहिल्या. म्हणजे प्रयोगशाळेत तबला नेला की तबल्याचा अपमान होतो असं नाही, उलट पुड्या बनवणाऱ्या कारागिरांनी केवढं काम करून ठेवलंय ते तिथे आकड्यात दिसलं.

तुम्हाला आवडेल असा एक किस्साही आहे. अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइश ह्याने १९६९ च्या सुमाराला इंजिनिअरांच्या मदतीने एक यंत्र बनवलं, ठराविक ठोके अगदी अचूक जागी टाकणारं आणि त्या जागा हळूहळू सरकवणारं. मैफिलीत वापरलं आणि त्याला ते कडक, निर्जीव वाटलं, एवढी अचूकता त्यालाच सोसेना. यंत्र ठेवून दिलं आणि पुढच्या वर्षी घानाला ढोल शिकायला गेला. मी हा किस्सा लॅबमधे नव्या मुलांना सांगते. त्यातले अर्धे म्हणतात त्याच्याकडे आजचा सॉफ्टवेअर असता तर. असो.

प्रश्न : संशोधन म्हणजे रोज नक्की काय करता? ठोके ऐकता म्हणजे काय, आम्हाला नीट समजलं नाही.

उत्तर : हसू येईल पण खरोखर तेच करते. समजा कॉम्प्युटरला तबल्याचे बोल ओळखायला शिकवायचंय. त्याआधी कुणीतरी माणसाने बसून हजारो ठोक्यांना नावं द्यावी लागतात, हा इथे सुरू झाला, हा 'ना', हा 'तिट' मधला 'ति', असं. द्रुत लयीत सेकंदाला सहा ठोके धरले तर तीन मिनिटांच्या एका कायद्यात (तबल्याच्या रचनेचा एक प्रकार) हजारावर ठोके होतात. मी हेडफोन लावून, आवाजाची आकृती ताणून ताणून मोठी करून, एकेक रेघ मारत बसते. पाठ धरते, डोळे चुरचुरतात. ह्याला कुणी टाळ्या वाजवत नाही.

पण एकदा मजा झाली. मी आणि माझी एक सहकारी, तीही तबलजी, दोघींनी एकाच रेकॉर्डिंगला स्वतंत्रपणे नावं दिली. नंतर ताडून पाहिलं तर कितीतरी ठिकाणी जुळेना. आधी वाटलं कुणीतरी झोपेत केलंय. मग एकेक ठोका ऐकला तर लक्षात आलं की ठोका तोच, पण तिने तो ज्या बंदिशीत ऐकला तिथे तिच्या घराण्यात त्याला 'ता' म्हणतात आणि मी 'ना' लिहिलं होतं. 'तिरकिट' मधले दोन बोल तर नुसते सुटे ऐकवले तर कुणीच छातीठोक सांगू शकत नाही कुठला कुठला, मागचा पुढचा बोल कळला की लगेच कळतं. म्हणजे बोल हा आवाजात निम्माच असतो, उरलेला तो वाक्यात असतो. २००३ साली पॅरिसच्या ऑलिव्हिए जिले आणि गाएल रिशार ह्यांनी तबल्याचे बोल आपोआप ओळखायचं जे काम केलं त्यात हाच विचार होता, प्रत्येक ठोका एकटा न तोलता आधीचे बोल काय होते हे धरून पुढचा ओळखायचा, जसं बोलणं ओळखणारी यंत्रं करतात. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेर्रा ह्यांनी २०११ पासून कॉम्पम्युझिक नावाचा मोठा प्रकल्प चालवला, त्यात हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की, बीजिंग ऑपेरा, अरब-अंदालुसी अशा परंपरांचा डेटा नीट जमवला, कारण तोवरची बरीचशी साधनं पाश्चात्त्य पॉपवर घडलेली, सगळीकडे चार मात्रांचा बार शोधत बसणारी. विलंबित एकतालात त्यांना सम सापडेना. सापडणार कशी, दोन मात्रांच्या मधे चहा पिऊन येता येतो.

वाजवण्यात ह्याचा उपयोग काय असं पुढचं विचाराल म्हणून सांगते. ठोक्यांना नावं देत बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की माझा 'तिं' दर वेळेला किंचित पुढे पडतो. गुरूंनी दहा वर्षं सांगितलं होतं. स्क्रीनवर रेघ दिसली तेव्हा पटलं.

प्रश्न : मुलगी बारावीला आहे, ड्रम्स छान वाजवते, विज्ञानही आवडतं. संगीत-तंत्रज्ञान कुठे शिकता येतं? — एक आई

उत्तर : ताई, संस्था भरपूर आहेत. पॅरिसचं इर्काम, स्टॅनफर्डचं सीसीआरएमए (हे १९७५ पासूनचं), लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातलं डिजिटल म्युझिकचं केंद्र, माँट्रियलचं मॅकगिल, बार्सिलोनाचं मी वर म्हटलं ते, जॉर्जिया टेक. आयआयटी मुंबईतही हिंदुस्थानी संगीताच्या ऑडिओवर काम होतं. पण ही सगळी पुढची गोष्ट, बरीचशी मास्टर्स आणि पीएचडीची. आत्ता बारावीला तिला एवढंच करू दे, प्युअर डेटा नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मिलर पकेट ह्यांनी बनवलेलं, डब्यांना वायरी जोडतो तसं स्क्रीनवर जोडायचं आणि आवाज येतो, कोड लिहायची गरज नाही. सुट्टीत तिला सांगा की किकचा (पायाने वाजवतात त्या मोठ्या ड्रमचा) आवाज शून्यापासून बनव. एक साधी लहर घ्यायची, तिचा सूर झटकन वरून खाली आणायचा, आवाज विझवायचा, झाला किक. जमला आणि दुसऱ्या दिवशी तिने आपणहून स्नेअर करायला घेतला तर समजा रस्ता तिचा आहे. तिने कंटाळून काठ्या उचलल्या तरी वाईट काय.

ॲडमिशनला बहुतेक ठिकाणी मार्कांबरोबर स्वतः केलेलं काम मागतात. म्हणून जे करेल ते रेकॉर्ड करून ठेवायला सांगा, फसलेलं सुद्धा.

प्रश्न : एआय आता ड्रम ट्रॅक बनवतंय. ड्रमरचं पोट चालेल का?

उत्तर : १९८० साली लिन एलएम-१ आणि रोलंड टीआर-८०८ ही दोन ड्रम मशीनं आली तेव्हाही हेच विचारलं गेलं. काही स्टुडिओची कामं खरंच गेली, ते नाकारून उपयोग नाही, आणि आताही जातील, खास करून जिथे नुसता साधा ठेका भरून हवा असतो तिथली. पण ८०८ चं गंमतशीर झालं, खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून तिला नावं ठेवली, १९८३ ला ती बनवायची बंद झाली, आणि नंतर त्या खोट्या आवाजावरच लोकांनी अख्खी शैली उभी केली. इकुए मोरी मुळात ड्रमर, पुढे ड्रम मशीनं स्वतःच वाजवायला लागल्या, मग लॅपटॉपवर गेल्या, हात तोच, हत्यार बदललं. जेसन बार्न्स नावाच्या ड्रमरचा एक हात अपघातात गेला, त्याला २०१४ साली जॉर्जिया टेकच्या गिल वाइनबर्ग ह्यांच्या टीमने दोन काठ्यांचा रोबोटिक हात करून दिला, एक काठी तो स्वतःच्या स्नायूंनी चालवतो आणि दुसरी संगीत ऐकून आपलं आपण वाजवते. मला ह्यात पोटावर पाय दिसत नाही. पण ज्याला फक्त क्लिकवर (कानात वाजणाऱ्या लयीच्या टिकटिकीवर) चार मात्रा सरळ वाजवता येतात आणि बाकी काही नाही, त्याला मी खोटा धीर देणार नाही.

प्रश्न : पुढच्या महिन्यात मी पहिल्यांदा एकटीने शो करतेय, ड्रम्स, पॅड, लूप, सगळं लॅपटॉपवर. मधेच बंद पडलं तर काय करू? झोप लागत नाहीये.

उत्तर : बाई गं, बंद पडलं तर सोपं असतं. बंद नाही झालं तर काय, ते विचार. माझं तेच झालं होतं. सात मात्रांचा एक लूप, म्हणजे आपोआप परत परत वाजणारा तुकडा, मी लावला, पायाच्या स्विचने तो पुढच्या भागाआधी थांबवायचा होता, आणि माझ्याच टाचेने स्विचची वायर ओढली गेली. लूप सुरूच. पुढची रचना आठ मात्रांची. मी आठात वाजवतेय, लॅपटॉप सातात गातोय, छप्पन्न मात्रांनी एकदा आम्ही समेवर भेटायचो आणि परत वेगळे. पहिल्या भेटीला लोकांनी दाद दिली, दुसऱ्यालाही दिली, तिसऱ्या वेळेपर्यंत माझा घाम कानापर्यंत आला होता. साउंड इंजिनिअरकडे बघून मी मान हलवतेय तर तो पण खुशीत मान हलवतोय, त्याला वाटलं रंग भरलाय.

म्हणून आता तीन गोष्टी पक्क्या. साउंड इंजिनिअरशी आधी खूण ठरवून ठेव, माझी खूण म्हणजे काठी डोक्यावर आडवी धरली की लॅपटॉपचे चॅनल खाली, काही न विचारता. दुसरं, सेटचा सुरुवातीचा तुकडा असा ठेव की इलेक्ट्रॉनिक्स एकदम गेलं तरी नुसत्या ड्रम्सवर तो उभा राहील, आणि घरी तो तसा, लॅपटॉप झाकून, खरंच वाजवून बघ. तिसरं, लॅपटॉपच्या बाहेर, आवाजाच्या वाटेत, एक साधा खटक्याचा म्यूट स्विच बसवून घे, त्यात सॉफ्टवेअर नाही, काही नाही, दाबला की गप्प. माझा डाव्या गुडघ्याशी असतो, लाल टेप गुंडाळलेला, म्हणजे अंधारातही हाताला लागतो. वायरी जमिनीला टेपने चिकटवायच्या, टाचेच्या बाजूने तर डबल.

शो झाला की कळव. आणि त्या दिवशी लॅपटॉपला अपडेट मागू देऊ नकोस.